उगमाच्या मुलखातील पाणी

प्रस्तावना

अजिंठ्याच्या डोंगररांगेचे जे फाटे पूर्वेकडे पसरत वाशिम जिल्ह्यातून जातात, त्यांच्या एखाद्या उघड्या माथ्यावर मृगाच्या पहिल्या पावसात उभे राहिले, म्हणजे या जिल्ह्याच्या पाण्याचे सारे प्राक्तन डोळ्यांपुढे उलगडते. माथ्याच्या उत्तर अंगाला पडलेली सर ओघळाओघळाने काटेपूर्णेला मिळते, काटेपूर्णा पूर्णेला व पूर्णा तापीला मिळून ते पाणी अखेर अरबी समुद्र गाठते. आणि त्याच माथ्याच्या दुसऱ्या अंगाला, चार हातांवर पडलेली सर पूस, अरुणावती किंवा अडाण या नद्यांच्या वाटेने पैनगंगेत, तेथून वर्धेत, प्राणहितेत आणि गोदावरीत जाऊन बंगालच्या उपसागरात विसर्जित होते. एकाच ढगाचे पाणी दोन समुद्रांना वाटून देणारा हा मुलूख नद्यांचे माहेर आहे. आणि माहेराची जी रीत, तीच येथेही चालते. लेकी येथे जन्मतात आणि नांदायला शेजारच्या जिल्ह्यांत जातात. काटेपूर्णेचे पाणी महानच्या धरणात अडून अकोला शहराची तहान भागवते, पुसेचे पाणी पुसदजवळ साठते, अरुणावतीचे दिग्रसजवळ. दक्षिणेच्या अंगाने बुलढाण्याकडून येणारी पैनगंगा सोडली, तर वरच्या मुलखातून वाहत येऊन या जिल्ह्याच्या ओंजळीत पाणी घालील अशी दुसरी मोठी नदी नाही. आभाळातून जे पडेल आणि त्यातून जे थोपवून धरता येईल, तेवढीच येथील मिळकत.

ही गोष्ट आजची नव्हे. ज्या वाशिमास प्राचीन काळी वत्सगुल्म म्हणत, ते वाकाटकांच्या एका शाखेचे राजधानीचे नगर होते. १९३९ साली सापडलेल्या विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटाने या नगराच्या इतिहासावर लख्ख प्रकाश पडला. असे राजनगर मोठ्या नदीच्या काठी नसून पाणवठ्यांच्या व कुंडांच्या आधाराने वसले होते, आणि वत्सगुल्माच्या माहात्म्यकथेत जी अनेक तीर्थे वर्णिली आहेत, त्यांतले पद्मतीर्थ आजही शहरात आहे. भाविकाने त्या तीर्थांकडे श्रद्धेने पाहावे हे योग्यच. परंतु पाण्याचा विचार करणाऱ्याने त्यांत आणखी एक अर्थ वाचावा, तो असा की उगमाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाने पाणी साठवल्यावाचून त्याचा निभाव लागत नाही, हे ज्ञान येथे फार जुने आहे. पुढे वऱ्हाड सुभ्यातील ‘सरकार बाशीम’ म्हणून मोगली दफ्तरात या प्रदेशाची नोंद झाली, इंग्रजी अमलात १९०५ पर्यंत तो स्वतंत्र जिल्हा राहिला, नंतर अकोला व यवतमाळ यांत विभागला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा जिल्हा पुन्हा उभा राहिला. राज्ये बदलली, हद्दी बदलल्या, महसुलाचे नकाशे बदलले. पाण्याच्या हद्दी मात्र जशाच्या तशा राहिल्या. त्या हद्दींचे नाव पाणलोट क्षेत्र.

थेंब जेथे पडतो तेथपासून तो ज्या एका मुखातून बाहेर पडतो तेथवरचा सारा प्रदेश, त्यातील माथा, उतार, वावरे, गावठाण, नाला आणि जमिनीखालचा खडक यांसह, एक पाणलोट होय. त्याचा विकास कसा करावा हे सांगणारी पुस्तके मराठीत थोडी नाहीत. प्रस्तुत पुस्तकाचा विषय त्याहून थोडा निराळा आहे. बदलत्या हवामानात, हाती असलेल्या अनेक उपायांपैकी कोणत्या ठिकाणी कोणता उपाय निवडावा, कोणता आधी व कोणता मागून करावा आणि कोणता मुळीच करू नये, या विवेकाचा हा विचार आहे. उत्साह आपल्याकडे कधीच कमी नव्हता, आणि अलीकडे निधीही पूर्वीइतका दुर्लभ राहिलेला नाही. उणीव आहे ती निवडीची, आणि चुकलेल्या निवडीची किंमत दरवर्षी वाढत आहे.

ती किंमत वाढण्याचे कारण पावसाचा बदललेला स्वभाव. वाशिमला वर्षाकाठी सरासरी आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि हा आकडा ऐकून परक्या माणसाला येथे टंचाई का असावी याचे आश्चर्य वाटते. परंतु सरासरी हा हिशेबनीसाचा आधार आहे, पिकाचा नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दाखवून दिले. तापलेला अरबी समुद्र अधिक बाष्प पाठवतो, ते थोड्या दिवसांत व थोड्या तासांत रिते होते, आणि मधले दिवस कोरडे जातात. विज्ञानाची ही भाषा शेतकरी आपल्या शब्दांत फार पूर्वीपासून बोलत आहे. मृगात पेरलेले मोडून दुबार पेरणी करावी लागते. सोयाबीन शेंगा भरण्याच्या ऐन वेळी पावसाचा तीन आठवड्यांचा खंड पडतो. आणि पीक सोंगून वावरात सुडी लावली की परतीचा पाऊस येऊन तीच सुडी भिजवतो. त्या सुडीवर घाईघाईने ताडपत्री ओढणाऱ्या माणसाला एका हंगामात दुष्काळ आणि पूर या दोहोंचे दुःख भोगावे लागते. म्हणून आजच्या पाणलोट कामाची कसोटी दुहेरी आहे: जो उपाय अतिवृष्टीत टिकत नाही तो अपुरा, आणि जो खंडात उपयोगी पडत नाही तोही अपुरा.

आता पाण्याचा जमाखर्च पाहू. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडते. ज्या गावाचे शिवार ५०० हेक्टरांचे आहे, तेथे ८०० मिलिमीटर पाऊस झाला तर ४० लाख घनमीटर पाणी गावाच्या पदरात पडले. त्याच गावात दीड हजार माणसे असली आणि प्रत्येकास दररोज ५५ लिटर पाणी द्यायचे ठरवले, तर वर्षाची गरज सुमारे ३० हजार घनमीटर, म्हणजे पडलेल्या पाण्याच्या शेकडा एक हिस्साही नव्हे. तरीही अशा गावाच्या वेशीवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहिली जाते, याचा अर्थ जमा बाजू रिकामी आहे असा नसून खर्चाची बाजू कोणी लिहिलेलीच नाही असा आहे. किती पाणी वाहून गेले, किती वाफेने उडाले, किती मातीत राहिले, किती खडकात मुरले आणि कोणत्या पिकाने किती घेतले, हा पाण्याचा ताळेबंद मांडल्यावाचून कामांची यादी करणे म्हणजे मोजणी न करता वाटणी करणे होय. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्यात वाशिम जिल्ह्याचाही समावेश आहे, गावनिहाय ताळेबंदाला प्रथम स्थान मिळाले, ही त्या प्रकल्पाची मोठी देणगी आहे.

या ताळेबंदात सर्वांत मोठे खाते कोणाचे? बहुतेक लोक धरणाचे किंवा बंधाऱ्याचे नाव घेतील. ते खाते मातीचे आहे. एक मीटर खोलीची भारी काळी जमीन एका हेक्टरात सुमारे दीड ते दोन हजार घनमीटर पाणी पिकाच्या मुळांसाठी धरून ठेवू शकते. आणि ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असे जे शेततळे आपण खोदतो, त्याच्या उतरत्या बाजू धरून त्यातही जवळपास तेवढेच पाणी मावते. म्हणजे ज्याच्याकडे खोल काळ्या मातीचे एक हेक्टर वावर आहे, त्याच्याकडे एक शेततळे जन्मतःच आहे. त्याला खोदाईची मजुरी लागली नाही आणि त्यासाठी जमीनही अडली नाही. परंतु त्या वावराची वीतभर माती वाहून गेली, म्हणजे त्या तळ्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा कायमचा गेला. नाल्याचे गढूळ पाणी पुलाखालून धावताना पाहून आपण म्हणतो, पाणी वाया चालले. वास्तविक त्या पाण्यात पाणी साठवण्याचे भांडेच वाहून चाललेले असते.

ही काळी माती एकदा जवळून पाहावी. मे महिन्यात तिला भेगा पडतात, आणि काही भेगा इतक्या रुंद व खोल असतात की बैलाचा पाय अडकावा. मृगाचा पहिला पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतो. तेव्हा माती अधाशासारखे पाणी पिते आणि ओघळाला थेंबही मिळत नाही. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि तीच जमीन पुढे इतक्या सावकाश पाणी घेते की आषाढातल्या जोरदार पावसाचा मोठा भाग वरच्या वर वाहू लागतो. सखल जागी तो तुंबतो, वावर चिबडते आणि सोयाबीन पिवळे पडते. म्हणून या मातीला ‘पाणी अडवा’ एवढेच सांगून भागत नाही. तिला अडवणे आणि काढून देणे ही दोन्ही कामे सांगावी लागतात. उथळ मातीच्या व कमी पावसाच्या मुलखात जे समपातळी बांध उपकारक ठरले, तेच भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबवतात आणि उन्हाळ्यात भेगाळून फुटतात. येथे ढाळीचे बांध हवेत, म्हणजे जादा पाणी माती न नेता सावकाश बाहेर पडते. उताराला आडवी पेरणी आणि रुंद वरंबा सरी यांचे मोल यातच आहे: मुसळधार पावसात सरी पाणी वाहून नेते, खंडात तीच सरी ओल राखते. दुहेरी कसोटीला उतरणारा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. आणि त्याला उद्घाटनाचा दगड बसवता येत नाही, म्हणून तो मागे राहतो, हे खेदाने लिहावे लागते.

मातीच्या खाली खडक आहे, आणि निवडीचा दुसरा निर्णय तेथे होतो. वाशिम जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, बेसॉल्टवर, वसलेला आहे. लाव्ह्याच्या थरावर थर साचून झालेल्या या खडकात वरचा मुरूम व सच्छिद्र थर पाणी घेतात, मधला अखंड कातळ ते नाकारतो. आणि जेथे पाणी मुरते तेथेही एक घनमीटर खडकातून हाती येते ते सामान्यतः १० ते ३० लिटर. भूगर्भाची ही तिजोरी लहान आहे. चांगल्या पावसाळ्यात ती भाद्रपदापर्यंत भरते आणि त्यानंतर कितीही मुरवू म्हटले तरी जागा नसते. माघ-फाल्गुनापर्यंत ती उतारावरून झिरपून व उपशाने रिकामी होते. ज्याने हे ध्यानात घेतले, तो एकाच नाल्यात बंधाऱ्याला लागून बंधारा घालणार नाही, आणि पाझर तलाव अखंड कातळावर बांधून तो पाझरत नाही म्हणून नशिबाला बोल लावणार नाही.

येथे अनुकरणाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. धुळे जिल्ह्यातील शिरपूरला सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद व खोल करून भूजल वर आणले, आणि त्या कामाचा लौकिक सर्वत्र झाला. परंतु तापीच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत, आणि वरचा चिकणमातीचा पापुद्रा भेदला की पाणी घेणारी वाळू खाली वाट पाहत असते. वाशिमच्या कातळात तीच यंत्रे लावली, तर नाला खोल होतो आणि काठच्या विहिरीचे पाणी उलट त्या खोल नाल्यात उतरण्याचा संभव असतो. हिवरे बाजारला पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली जे घडले, त्याचा गाभा चरांत व बंधाऱ्यांत जितका आहे, त्याहून अधिक तो शेतीसाठी कूपनलिका न घेण्याच्या आणि पाणी पाहून पीक ठरवण्याच्या गावाच्या निर्धारात आहे. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव भाताच्या मुलखाचे वैभव आहेत. वऱ्हाडची जमीन, वऱ्हाडचे पीक व वऱ्हाडची रयतवारी वेगळी. या सर्व ठिकाणांहून शिकावे जरूर. आराखडा मात्र उचलून आणू नये.

शासनाच्या व समाजाच्या प्रयत्नांचा इतिहास यथाक्रम पुढे येईलच. येथे त्यातील धागा तेवढा दाखवतो. डोंगरउतारावरचे पाणी शेतात मुरेल अशा बेताने ताली व बंधारे बांधावेत, हे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना सांगितले. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळला. १९७२ च्या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना राज्यभर पसरली, आणि हजारो मजुरांच्या हातांनी बांध व पाझर तलाव उभे राहिले. शेजारच्या पुसदचे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना १९९२ साली जलसंधारणाचे स्वतंत्र खाते निघाले व ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे घोषवाक्य घरोघरी पोचले. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले, आणि २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने श्रमदानाला नवी प्रतिष्ठा दिली. या प्रत्येक टप्प्याचे ऋण मान्य करूनही एक सत्य सांगितले पाहिजे. काम जसजसे माणसाच्या हातून यंत्राच्या हाती गेले, तसतसे ते माथ्यावरून उतरून नाल्यात आले. कारण यंत्राला नाला सोयीचा असतो, कंत्राटाला घनमीटर मोजणे सोयीचे असते, आणि माथ्यावरचे चर खोदणे, दगड रचणे, गवत राखणे हे काम कष्टाचे व न दिसणारे असते. ‘माथा ते पायथा’ हे सूत्र प्रत्येक मार्गदर्शिकेत छापलेले आहे. शिवारात ते पुष्कळदा उलटे झालेले दिसते. माथा उघडा ठेवून पायथ्याशी बांधलेला बंधारा पहिल्या दोन-चार अतिवृष्टींतच गाळाने भरतो, आणि अतिवृष्टी तिप्पट झाल्यावर त्याचे आयुष्य किती उरेल, याचा हिशेब सांगण्याची गरज नाही.

म्हणून या पुस्तकात निवडीचा जो क्रम सुचवला आहे, तो असा. प्रथम माथा: तेथे सलग समपातळी चर, गवत, स्थानिक झाडे आणि काही वर्षांची चराईबंदी. मग ओघळ: तेथे अनघड दगडी बांध, जे पाणी अडवत नाहीत, फक्त त्याचा वेग मोडतात. मग वावरे: तेथे ढाळीचे बांध, राखलेले धुरे, आडवी मशागत, रुंद वरंबा सरी, आणि शेणखत व पालापाचोळ्याने वाढवलेला मातीचा कस. हे तीन झाल्यावर नाला: तेथे खडक तपासून निवडक माती नाला बांध, सिमेंट बंधारे व डोह. सर्वांत शेवटी शेततळे, ज्याचा उपयोग खंडात एक-दोन संरक्षित पाणी देण्यापुरताच ठेवावा. तळे भरण्यासाठी विहिरीचा उपसा करणे म्हणजे सावलीतले पाणी काढून उन्हात ठेवणे होय. एकबुर्जी, सोनल व अडाण यांसारखे प्रकल्प आणि पैनगंगेवरील बॅरेजेस यांचे महत्त्व याने कमी होत नाही. परंतु तेही याच माथ्यांच्या पायाशी आहेत, आणि वरची माती जाग्यावर राहिली तरच त्यांची साठवण टिकणार आहे.

क्रम ठरला तरी एक प्रश्न उरतो, आणि तो न्यायाचा आहे. माथ्यावरचे गायरान राखले जाते तेव्हा ज्याची शेळी तेथे चरत होती तो भूमिहीन, तो धनगर, तांड्यावरचा तो बंजारा कुटुंबप्रमुख पहिला त्याग करतो. आणि मुरलेले पाणी वर येते ते पायथ्याच्या बागायतदाराच्या विहिरीत. हा व्यवहार एकतर्फी राहिला, तर चराईबंदी दोन वर्षांत मोडते व चर बुजतात. राखलेल्या गवताच्या कापणीचा पहिला हक्क त्या कुटुंबांना द्यावा, खालच्या विहिरींच्या उपशाला ग्रामसभेने मर्यादा घालावी, आणि बांधाच्या डागडुजीसाठी गावाने दरवर्षी काही रक्कम राखून ठेवावी. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम उपशाच्या नियमनाला कायद्याचा आधार देतो. परंतु गावाची संमती नसेल तर असा हुकूम दफ्तरातच राहतो. पाणी मुरवण्याचे शास्त्र खडकात आहे, ते टिकवण्याचे शास्त्र माणसांच्या परस्पर विश्वासात.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. सरपंच व पाणलोट समितीच्या सभासदांनी ते आपल्या गावचा नकाशा शेजारी ठेवून वाचावे; कृषी व जलसंधारण खात्यांतील अधिकाऱ्यांनी मंजुरीची सही करण्यापूर्वी वाचावे; आणि ज्याच्या नावे सातबाऱ्यावर दोन-चार एकर कोरडवाहू जमीन आहे, त्या शेतकऱ्याने त्यातले आपल्या मातीला लागू पडेल तेवढे घ्यावे व बाकीचे खुशाल सोडून द्यावे. सोडून देणे हाही निवडीचाच भाग आहे.

परंतु पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी वाचकाला एक विनंती आहे. येत्या पावसाळ्यात, पहिला मोठा पाऊस सुरू असताना, घोंगडी पांघरून आपल्या शिवाराच्या सर्वांत उंच जागी जा, आणि तेथून पाण्याच्या मागोमाग चालत खाली या. कोठे त्याला वेग येतो, कोठे ते गढूळ होते, कोणाचा धुरा फुटतो, कोठे ते थबकते आणि कोठे गावाची हद्द ओलांडून निघून जाते, एवढे पाहून घ्या. ही वाट ज्याने स्वतः चालून पाहिली, त्याच्या हाती हे पुस्तक सार्थकी लागेल.